खरंका बाई

वर्गात कुणी इंग्रजीतलं एक वाक्य बोललं, की बाई आधी व्याकरण पाहत नसत. हातातला खडू थांबवत, मान जराशी तिरकी करत आणि विचारत, "खरं का?" वाक्य शुद्ध असो की अशुद्ध, प्रश्न ठरलेला. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ लायन,’ असं एखाद्या पोरानं गाइडमधून उचलून ठोकून दिलं, की बाई म्हणत, "खरं का? सिंह कुठं पाहिलास?" पोरगं गोंधळायचं. "पाह्यला न्हाई बाई." "मग ज्याला भितोस त्याचं नाव घे." मग तो खाली मान घालून पुटपुटायचा, "चुलत्याला." आणि फळ्यावर सिंहाच्या जागी चुलता यायचा. आमच्याकडे उसात बिबट्या निघतो, त्यामुळे बिबट्याला बाईंची हरकत नसे. फक्त कुणाच्या उसात दिसला, ते सांगावं लागे. पोरांनी त्यांचं नावच ‘खरंका बाई’ पाडलं होतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. चहूकडे ऊस, मधे शाळा, आणि शाळेवर संस्थेचं राज्य. आमच्या घरात मास्तरकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यामुळे इंग्रजीच्या मास्तरांकडे जरा तिरकं पाहायची सवय मला वडिलांकडूनच मिळाली होती. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गावाला माहीत आहे. हेही मी रागातच लिहितो आहे. ज्यांना गोडगोड आठवणी वाचायच्या असतील, त्यांनी संस्थेची स्मरणिका वाचावी.

बाई मूळच्या नेवासा तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. उंच, सडपातळ, चालणं भरभर. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहून त्या बिनसाखरेचा चहा पीत, हा गावाच्या दृष्टीनं मोठाच गुन्हा होता. शाळेचा शिपाई दर वेळी विसरून साखर घालायचा आणि बाई दर वेळी तो कप माझ्याकडे सरकवायच्या. अशा रीतीनं माझ्या वाट्याला रोज दोन चहा येऊ लागले आणि त्यातूनच आमची दोस्ती झाली. बाईंना राग असा येतच नसे. त्यांच्या वाट्याचाही मलाच येई. एकदा मी मुख्याध्यापकांशी कडाक्याचं भांडून स्टाफरूममध्ये आलो, तेव्हा बाई वह्यांतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "सर, पोरांची वाक्यं मला शोधावी लागतात. तुमचं आयतं मिळालं. यू आर गुड ॲट गेटिंग अँग्री." मी त्यांचंच त्यांच्यावर उलटवलं, "खरं का?" तर म्हणाल्या, "मुख्याध्यापकांना विचारा."

हे ‘गुड ॲट’ म्हणजे बाईंचं खास प्रकरण. आपण मराठीत म्हणतो, अमका गणितात हुशार आहे, तमकी चित्रकलेत चांगली आहे. त्यामुळे आमची पोरं इंग्रजीत सरळ ‘गुड इन’ लिहून मोकळी होत. तिथं ‘ॲट’ लागतं, हे त्यांना काही केल्या पटत नसे. एकदा मी वऱ्हांड्यातून चाललो होतो. आतून एक पोरगा हुज्जत घालत होता, "पन बाई, ‘इन’ का न्हाई?" बाई म्हणाल्या, "तू सायकलवर बसतोस आणि यष्टीत बसतोस. सायकलीत का बसत नाहीस?" सगळा वर्ग हसला. पोरगा म्हणाला, "आसं कुटं अस्तं व्हय बाई!" "मग त्यांचंही तसंच आहे. त्यांच्या तोंडात जे बसलंय ते आपण कानात बसवून घ्यायचं. भांडून उपयोग नाही." मी तिथंच थांबलो. विभक्तीचे तास मीही इतकी वर्षं घेत होतो, पण माझ्या तासाला कुणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

आणि हे कानात बसवायला बाई घोकंपट्टी कधीच करून घेत नसत. शंभर वेळा लिहून आणा, उद्या पाठ म्हणून दाखवा, असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. दर जूनमध्ये दहावीचा नवा वर्ग आला, की पहिला आठवडा एकच काम. आपल्याला खरोखर काय चांगलं येतं, ते प्रत्येकानं शोधून काढायचं आणि ‘आय ॲम गुड ॲट’ला जोडून फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहायचं. दुसऱ्याचं वाक्य चालत नसे. एकानं क्रिकेट लिहिलं की दुसऱ्याला क्रिकेट बंद, आणि पहिल्यालाही मैदानावर जाऊन खेळून दाखवावं लागे. बाई म्हणत, "प्रत्येकाचं एक वाक्य असतंच. ते दुसऱ्याला देता येत नाही आणि दुसऱ्याचं घेता येत नाही."

आमच्याकडची पोरं कशी असतात, ते सांगायला हवं. ‘तुला काय येतं?’ असं त्यांना जन्मात कुणी विचारलेलं नसतं. काय येत नाही, ते मात्र घरापासून शाळेपर्यंत सगळे रोज सांगतात. एक पोरगा बाईंना म्हणाला, "मला कायच येत न्हाई बाई." बाईंनी त्याला घरी विचारायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आई म्हनली, तू झोपन्यात लई भारी हायेस." बाईंनी ते लिहून घेतलं, पण त्याच्यावरची नजर काढली नाही. पुढं तो बिथरलेलं वासरू एका झेपेत धरतो, असं त्यांना कळलं आणि त्यांनी त्याचं वाक्य बदलून घेतलं. एकाला कारखान्याच्या भोंग्याची हुबेहूब नक्कल यायची. त्याचं वाक्य ऐकायला शेजारचे दोन वर्ग बाहेर आले होते. आणखी एक गप्प गप्प मुलगा होता. त्याला वडील नव्हते आणि आई दवाखान्यात आया होती. त्यानं लिहिलं, ‘आय ॲम गुड ॲट वेटिंग.’ बाईंनी विचारलं, "खरं का?" तो म्हणाला, "व्हय. आई येईस्तोवर रोज फाट्यावर बसतो. कटाळत न्हाई." त्या दिवशी चहाच्या वेळी बाईंनी कप तेवढा माझ्याकडे सरकवला.

त्याच वर्गात मनीषा होती. तिच्या वडिलांचा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर. तिनं लिहिलं, की मला ट्रॉली रिव्हर्स घेता येते. मुलं खदखदून हसली. ज्यांनी उसाची भरलेली ट्रॉली मागं घेताना पाहिली आहे, त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. ट्रॅक्टर एकीकडे वळवावा तर ट्रॉली भलतीकडे तोंड करते, आणि भले भले गडी शिव्या देत खाली उतरतात. बाईंनी विचारलं, "खरं का?" मनीषा म्हणाली, "बघायला या की." बाई खरोखर गेल्या आणि मलाही ओढून घेऊन गेल्या. आम्ही बांधावर उभे. मनीषाचे वडील संकोचून म्हणत होते, "आवो बाई, पोरीची जात, घरच्या घरी आपलं जरा चालवती." तोवर पोरीनं मान मागं वळवून, ओठ घट्ट मिटून, ती एकामागं एक जोडलेली दुहेरी ट्रॉली विजेच्या दोन खांबांमधून सरळ मागं नेऊन लावली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, भर शेतात, एकट्यांनीच. मग मीही वाजवल्या.

आता माझ्या रागाकडे येतो.

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत असायचं. संस्थेला दर वर्षी निकाल हवा असायचा शंभर टक्के, आणि तो कसा लागतो हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. पेपर सुरू झाला, की त्या विषयाच्या शिक्षकानं आतल्या खोलीत बसून उत्तरं काढायची, मग त्यांच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात फिरायच्या. भरारी पथक आलं, तर पाहुणचार तयार. विशेष म्हणजे त्याच मैदानात फेब्रुवारीत कॉपीमुक्तीची शपथ व्हायची आणि शपथ द्यायला संस्थेचे सचिव स्वतः यायचे. हात पुढं करून, खणखणीत आवाजात. त्या शपथेच्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी शेवटच्या रांगेत हात मागं बांधून उभा राहायचो, आणि त्याबद्दल मला दोनदा समजही मिळाली होती.

त्या वर्षी इंग्रजीच्या पेपराआधी सचिवांनी बाईंना बोलावून घेतलं. मी सोबत गेलो, कारण मला कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. सचिव म्हणाले, "बाई, पेपराचं पाकीट फुटलं का प्रयोगशाळेत बसा. मोठ्या प्रश्नांचं तेवढं काढून द्या. पोरं आपलीच हायत." बाई म्हणाल्या, "पोरांना येतंय, साहेब. त्यांचं त्यांना लिहू द्या." सचिव हसले. "येतंय म्हनून कुटं निकाल लागत अस्तो व्हय बाई?" बाई उठल्या, नमस्कार केला आणि बाहेर आल्या. त्याच दुपारी हुकूम निघाला, की इंग्रजीच्या दिवशी मला दुसऱ्या गावच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून जायचंय. बाईंना तर, विषयशिक्षकानं आपल्या पेपराला केंद्रावर यायचं नाही या एरवी कुणी न पाळलेल्या नियमानं, त्या दिवशी शाळेत यायला बंदी. माझ्या तोंडाची एवढी भीती संस्थेला असल्याचं पाहून मला क्षणभर बरंही वाटलं होतं.

पेपर संपल्यावर मी परत आलो, तेव्हा बाई शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. मला पाहून त्या म्हणाल्या, "सगळं केंद्र पोहायला गेलं, सर."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. प्रश्नपत्रिकेत स्वतःची ओळख लिहायचा प्रश्न आला होता. तुम्ही कोण, घरी कोण, तुम्हाला काय चांगलं येतं. बाईंच्या पोरांना याहून सोपा प्रश्न कुठला? वर्षभर उशाशी घेऊन झोपलेलं वाक्य, ते तेवढं उतरवायचं. पण संस्थेनं बाईंच्या ऐवजी कुठल्याशा क्लासवाल्याला गाठलं होतं. त्यानं मोबाईलवर आलेली प्रश्नपत्रिका पाहून तिकडूनच उत्तर खरडून पाठवलं, त्याच्या बारीक अक्षरातल्या झेरॉक्स निघाल्या आणि सगळ्या केंद्रानं त्या उतरवल्या. उत्तर असं: माझे वडील बँकेत मॅनेजर आहेत. आम्ही बंगल्यात राहतो. मी पोहण्यात पटाईत आहे आणि दर रविवारी स्विमिंग पूलला जातो. तेही ‘गुड इन स्विमिंग’. आमच्या गावात स्विमिंग पूल सोडा, शाळेच्या टाकीला पाणी नव्हतं! ज्या पोराला बाप नव्हता, त्यानं बाप बँक मॅनेजर असल्याचं लिहिलं. वासरू धरणाऱ्यानं लिहिलं. भोंगा काढणाऱ्यानं लिहिलं. फाटकातून बाहेर येताना पोरं खुशीत होती. बाईंनी एकाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सोपा गेला बाई. आयता आला."

मी संस्थेच्या नावानं जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ‘इन’वरूनही मी तडकलो. बाई म्हणाल्या, "‘इन’ लिहिलं त्याचं काही वाटत नाही हो. ती चूक आहे, सुधारते. पण प्रत्येकाकडे स्वतःचं होतं. स्वतःचं असून त्यांनी टाकून दिलं." त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

तेवढ्यात मनीषा आली. बाईंनी तिला काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नसावी. तीच म्हणाली, "माझ्याकडं बी चिठ्ठी आल्ती बाई. पन मला कुटं पवता येतं? मंग माझंच लिव्हलं." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

निकालाच्या दिवशी सगळ्या राज्याचा निकाल लागला आणि आमच्या केंद्राचा राखून ठेवला गेला. तपासणाऱ्याच्या हाती एकामागून एक सगळ्या बँक मॅनेजरांची पोरं लागल्यावर दुसरं काय होणार होतं? गावात हलकल्लोळ झाला. अकरावीचे प्रवेश सुरू झालेले, आणि पोरांच्या हातात काही नाही. पालक शाळेवर आले. काल चिठ्ठी पोचली का म्हणून खिडकीशी विचारणारेच आज आमच्या अंगावर ओरडत होते. सचिव शांत होते. त्यांनी तोड काढली होती. बाईंनी बोर्डाला लेखी खुलासा द्यायचा, की हे उत्तर मीच वर्षभर पोरांकडून तोंडपाठ करून घेतलं होतं, म्हणून ते सगळ्यांचं सारखं आलं. कॉपी नाही, पाठांतर. खुलासा टाईप करून तयार होता, सही तेवढी बाकी होती.

"बाई, तुमचं काय जातंय?" सचिव म्हणाले. "कुनी तुमाला फासावर न्हाई चढवत. लई तर म्हनतील, बाईंनी एक चुकीचं शिकवलं. पन पोरांचं वरीस वाचतंय." त्या माणसाचा निगरगट्टपणा पाहून मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, चिठ्ठ्या ज्यांनी वाटल्या त्यांनी सही करावी, ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी का? सचिव माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, तुमी मराठीचं बघा." बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि उद्या सांगते म्हणाल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर ओट्यावर पालक बसलेले. बापे बोलून बोलून थकले होते. त्यांत एका पोरीची आई होती. जाता जाता ती बाईंना म्हणाली, "मुलगा नापास झाला तर पुन्यांदा बसंल. माझ्या पोरीचं वरीस गेलं तर तिला घरी बसवतील बाई, आन् दिवाळीत उजवून टाकतील. तुमाला ठाव हाय." सगळे गेल्यावर मी बाईंना पुष्कळ समजावलं. सही करू नका, आपण वर्तमानपत्रात जाऊ, बोर्डाला खरं काय ते सांगू. त्या म्हणाल्या, "सांगू. संस्थेला दंड होईल, सचिव हात झटकतील आणि पोरी घरी बसतील. त्यांनी स्वतःचं वाक्य टाकलं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी त्यांचं वर्ष कसं टाकू?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सही केली. मला हे तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. पण त्या जागी मी असतो, तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही, आणि याचाही मला राग येतो.

पण प्रकरण सहीवर मिटलं नाही. बोर्डानं पुण्याला चौकशीसाठी बोलावलं. बाईंना बोलावलं आणि मनीषालाही, कारण सगळ्या गठ्ठ्यात वेगळं उत्तर तिचं एकटीचं होतं. सचिवांनी गाडी दिली होती. मी कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसलो. मागं बाई, मनीषा आणि तिचे वडील. सचिव दुसऱ्या गाडीतून आले.

चौकशीला बसलेले अधिकारी सभ्य होते, दमलेले होते. त्यांनी बाईंचा खुलासा वाचला, मनीषाची उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि विचारलं, "बाई, सगळ्या वर्गाकडून तुम्ही हे पाठ करून घेतलंत म्हणता. मग या एका मुलीनं ट्रॉलीचं कुठून लिहिलं? हिला नव्हतं का पाठ करायला सांगितलं?"

सचिवांनी खाकरून घसा साफ केला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही जशीच्या तशी आठवते. मग त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "ती माझं ऐकत नाही, साहेब. पहिल्यापासूनच. बाकीची मुलं सांगितलेलं पाठ करतात. ही एकटी करत नाही."

अधिकारी मनीषाकडे वळले. "काय गं, खरं आहे का हे?"

पोरगी बाईंकडे पाहत राहिली. पंधरा-सोळा वर्षांची पोर. तिच्या बापानं तिच्या पाठीत हळूच ढोसलं. ती म्हणाली, "व्हय साहेब. मी न्हाई ऐकत बाईंचं."

अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं, बरं म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारलं. सगळी पोरं सुटली. मी बाहेरच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. एका खोलीत, एका टेबलासमोर, आमच्या शाळेतली दोनच खरी माणसं बसली होती, आणि त्या दोघींनाच खोटं बोलावं लागलं. ज्यांनी खोटं लिहिलं होतं, ती सगळी घरी पंख्याखाली निकालाची वाट पाहत होती.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. मनीषा बाईंच्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाई, आई इचारंल काय झालं. काय सांगू?" बाई म्हणाल्या, "सांग, बाई खोटं बोलल्या." "न्हाई सांगनार," मनीषा म्हणाली आणि कपबशी धुवायला टाकून आली. गाडीत बसण्याआधी बाईंनी माझ्याकडून शब्द घेतला, की ही गोष्ट मी कुणापाशी काढायची नाही. काढली तर पोरांचे निकाल पुन्हा उकरले जातील. मी शब्द दिला. तो पाळताना माझं काय होत होतं, ते माझी बायको जाणते.

निकाल लागला. फाट्यावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागला, त्यावर सचिवांचा फोटो. आणि गावानं काय म्हणावं? एकदा मी दाढीला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीतला पालक फेसातून बोलला, "इंग्लिशच्या बाईनं पोरांकडून समदं चुकीचंच घोकून घेतलं व्हतं म्हनं. तरी बरं, पास झाली." हाच माणूस बाईंच्या ओट्यावर हात जोडून बसला होता! त्याला सगळं ठाऊक होतं. पण वर्षभरात त्यानं तो खुलासा स्वतःच खरा मानून टाकला होता, आणि गावानंही. मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. न्हावी टॉवेल घेऊन रस्त्यापर्यंत मागं आला.

पुढच्या जूनमध्ये बाईंच्या वर्गात ‘गुड ॲट’चा आठवडा झाला नाही. बाई पुस्तक उघडून शिकवू लागल्या, इतर सगळे शिकवतात तसं. पोरं सिंहाला भिऊ लागली, बाई पुढचा धडा घेऊ लागल्या. मी एकदा चहाच्या वेळी विषय काढला. त्या म्हणाल्या, "तो प्रश्न विचारायला तोंड लागतं, सर. मी माझं वापरून टाकलं." निवृत्तीनंतर त्या नेवाशाला भावाकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जात असे. त्या कधी शाळेचं विचारत नसत. मनीषाचं मात्र विचारत. मनीषा आता कोपरगावकडे नांदते, आणि तिचे स्वतःचे दोन ट्रॅक्टर कारखान्यावर चालतात.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. संस्थेनं शाळेत शोकसभा ठेवली. फोटोला हार, उदबत्ती, मुलांच्या रांगा. सचिव आता अध्यक्ष झाले आहेत. ते पहिले बोलले. आवाज जड करून म्हणाले, की बाईंसारखं पाठांतर जिल्ह्यात कुणी करून घेतलं नाही. त्या पोरांकडून ओळ न् ओळ घोकून घ्यायच्या, आणि त्यांच्या त्या पाठांतरानं एका वर्षी अख्ख्या शाळेचा निकाल वाचवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हेही कुणी सांगितलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो. चार ओळी ठरवून आणल्या होत्या, त्यातली एकही आठवेना. एवढंच म्हणालो, "हे खोटं आहे." अध्यक्ष उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक स्वतःकडे घेऊन म्हणाले, "सर भावनाविवश झालेले हायत." मला खुर्चीवर नेऊन बसवलं, पाणी दिलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि सभा संपली.

बाहेर मनीषा उभी होती. पदर डोक्यावर, चेहरा रडून सुजलेला. एवढ्या लांबून ती एकटीच गाडी चालवत आली होती. मी तिला म्हणालो, बाईंना शब्द दिला होता, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. ती म्हणाली, "सर, समद्यांची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. बाई बी गेल्या. आता खरं सांगितलं, तर कुनाचं वरीस जानार हाय?"

कुणाचंच जाणार नाही. म्हणून लिहितो. बाईंनी आपल्या हयातीत एकाही मुलाकडून एक ओळ पाठ करून घेतली नाही. आणि ती मुलगी बाईंचा शब्द न् शब्द ऐकत असे.